घरच्या नारळाच्या रसाचा इतिहास

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला म्हणजे कुळांची मूळ गावे, वतने, सनदा, देवस्थानांतील मानपान किंवा कर्तबगार पुरुषांची चरित्रे यांपैकी काही तरी वाचावयास मिळेल अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. आजवरच्या अंकांतून त्या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी लिहिलेही आहे. प्रस्तुत लेखकाने छत्तीस वर्षे खेड्यातील शाळांतून मुलांना इतिहास-भूगोल शिकविला, एवढीच त्याची पुंजी. जुनी दप्तरे लावण्याचा अधिकार त्याच्यापाशी नाही. म्हणून ओटी व माजघर ओलांडून स्वयंपाकघरात जे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले त्यांतील एकाच गोष्टीचा माग काढण्याचे त्याने योजिले आहे. ती गोष्ट म्हणजे नारळाचा रस, ज्यास सांप्रत सर्रास नारळाचे दूध असे म्हणतात.

विषय सुचण्यास निमित्त असे झाले. मागील स्नेहसंमेलनाच्या पंगतीत सोलकढी वाढली जात असता शेजारच्या पानावरील एक गृहस्थ मोठ्या अभिमानाने म्हणाले, "मास्तर, सोलकढी ही मुळात आपल्याच ज्ञातीची. बाकीच्यांनी ती आपल्यापासून उचलली." असे म्हणणारे गृहस्थ कोकणपट्टीतील प्रत्येक ज्ञातीत भेटतात, आणि प्रत्येकाचा उच्चार तितकाच ठाम असतो. ज्या कढीवरून हा अभिमान व्यक्त झाला ती त्या दिवशी आचाऱ्याने पाकिटातील दुधाची केलेली होती, ही गोष्ट निराळी. परंतु प्रश्न महत्त्वाचा आहे. रस काढण्याची ही विद्या कोणाची, कोठून आली, आणि तिचा पुरावा कोठे पाहावयाचा?

प्रथम नारळाचा इतिहास आणि नारळाच्या रसाचा इतिहास यांत भेद केला पाहिजे. नारळाच्या इतिहासास साधनांची वाण नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० व्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या एकदोन शतकांतील या लेखात त्याने नानंगोल गावातील ३२,००० नारळीची झाडे पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख व शूर्पारक येथील चरकांच्या परिषदांस दान दिल्याचे नमूद आहे. शूर्पारक म्हणजे आपले सोपारे. नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचे नारगोळ असावे असे विद्वान मानतात. बत्तीस हजार झाडे दान देता येतात याचा अर्थ उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर माडांची पद्धतशीर लागवड तेव्हाच होत होती व तिच्या उत्पन्नास मोल होते. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने या फळास 'अर्गेलिया' म्हटले आहे. त्या शब्दाआडून आपला 'नारिकेल' किंवा फारसी 'नारगील' स्पष्ट ऐकू येतो. कालिदासानेही रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूच्या सैनिकांना पूर्वकिनाऱ्यावर नारिकेलासव पाजले आहे.

आता पाहा, राजाने झाडे दिली ती दगडावर कोरली गेली आणि सैनिक मद्य प्याले ते काव्यात आले. पुढील काळातही हीच तऱ्हा. सुके खोबरे, खोबरेल व काथ्या ही गलबतात चढणारी वस्तू, तेव्हा बंदरावर जकात आली आणि जकातीबरोबर लेखणी आली. माडीवर सरकारचा डोळा असल्यामुळे माडीचा कागद तर फारच मोठा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडावर चढून भांडे बांधणाऱ्याच्या पोटावर पाय आला आणि त्या निमित्ताने अर्ज, हुकूम व अहवाल यांचे ढीग साचले. माडापासून सरकारास, सावकारास किंवा देवस्थानास जे जे मिळे त्याचा हिशेब राहिला.

रसाचे तसे नाही. सकाळी काढलेला रस आपल्या दमट हवेत दुपार टळेतो आंबू लागतो. तो पखालीत भरता येत नाही, गलबतात चढत नाही, बाजारात मांडता येत नाही आणि कोठारात ठेवता येत नाही. ज्यावर कर बसत नाही व ज्याचा व्यापार होत नाही, त्याची नोंद कारकून कशाला ठेवील? आमच्या मते नारळाच्या रसाच्या इतिहासाची किल्ली येथेच आहे. तो ज्या घरात निघाला त्याच घरात व त्याच दिवशी संपला, म्हणून तो कागदावर उमटला नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्या पत्रांचे लेखक ज्या घरी जेवले त्या घरच्या बायकांनी पत्रे लिहिली नाहीत, आणि लिहिली असती तरी रोजच्या कालवणाविषयी कोणी कोणास लिहीत नसते.

रोजची गोष्ट परक्याच्याच डोळ्यांत भरते. म्हणून रसाविषयीचे जुने लेख शोधावयाचे तर परदेशी प्रवाशांकडे वळावे लागते. चौदाव्या शतकातील मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील धोफारच्या वर्णनात नारळाची हकीकत दिली आहे. खुर्चीसारख्या लाकडी बैठकीवर बसून लोखंडी हत्याराने आतील खोबरे कोरून काढतात, ते पाण्यात भिजवितात, आणि पाण्याला दुधाचा रंग व चव आली म्हणजे त्याचा कालवणासारखा उपयोग करतात, असा त्याचा आशय आहे. कोकणातील वाचकास यात नवे ते काय? परंतु सहाशे-सातशे वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे, बैठक, लोखंड व पाणी हा क्रम आपल्यासारखाच होता याचा हा पुरावा आहे.

दुसरा साक्षीदार आपल्या घराजवळचा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात नारळावर स्वतंत्र प्रकरण आहे. नारळाचे दूध काढून त्यात भात शिजवितात, तो शेळीच्या दुधात शिजविल्यासारखा लागतो, आणि या दुधात पक्ष्यांचे व मांसाचे जे पदार्थ करतात त्यांस 'कारील' म्हणतात, असे तो सांगतो. पुढे जगभर गाजलेला 'करी' हा शब्द युरोपीय ग्रंथांत येऊ लागला तो अशा रीतीने नारळाच्या रसाचे बोट धरून. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच गृहस्थ लिन्स्खोटेन हाही 'कारील'चा उल्लेख करतो. भातावर ओतलेले, किंचित आंबट, माशांचे पातळ कालवण हेच येथील लोकांचे नित्याचे अन्न, असे त्याने लिहिले आहे. त्या आंबटपणावरून कोणास आमसूल आठवेल, कोणास चिंच.

लेखी पुराव्याची मजल इतकीच जाते. पुढचा पुरावा हत्यारांत व शब्दांत आहे, आणि तो आम्हांस अधिक बोलका वाटतो.

आपल्याकडे विळीच्या टोकाला दातेरी खवणी असते. एका पाटावर बसून भाजी चिरावयाची आणि त्याच पाटावरून नारळ खवावयाचा. केरळात हिलाच 'चिरवा' म्हणतात व श्रीलंकेत 'हिरमने'. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली लोक खवणीला 'म्बुझी' म्हणतात. म्बुझी म्हणजे शेळी. सयाममध्ये तिचे नाव 'क्राताय', अर्थात ससा, आणि खरोखरच ती बैठक सशाच्या आकाराची कोरीत असत. शेळीवर बसा की सशावर, बसण्याची रीत एकच, दोन्ही हातांनी वाटी फिरविण्याची रीत एकच, आणि खाली चव पडण्यासाठी ठेवलेले ताटही एकच. जेथे जेथे माड आणि होडी पोचली तेथे तेथे ही बैठक पोचलेली दिसते.

शब्दांचीही तीच साक्ष. केरळात पहिला, दुसरा व तिसरा रस यांस 'ओन्नाम पाल', 'रंडाम पाल', 'मून्नाम पाल' अशी सरळ क्रमवाचक नावे आहेत. सिंहली भाषेत दाट रसास 'मिटि किरि' व पातळास 'दिय किरि' म्हणतात. मलाया व जावा येथे 'संतान', फिलिपाईन्समध्ये 'गाता', स्वाहिलीत 'तुई'. गोव्यात 'रोस' आणि आपल्याकडे रस. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नारळाच्या पोटातील पाण्याचे नाव आणि खोबऱ्यापासून काढलेल्या रसाचे नाव या सर्व भाषांत वेगवेगळे आहे. शहरातील मुले हल्ली या दोहोंत घोटाळा करतात, तो घोटाळा माडाखाली वाढलेल्या माणसाच्या हातून होणे शक्य नाही.

२०११ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी जगभरच्या माडांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. माणसाने माडाची लागवड दोन स्वतंत्र ठिकाणी सुरू केली असा त्यांचा निष्कर्ष आहे. एक ठिकाण आग्नेय आशियाची बेटे, दुसरे दक्षिण हिंदुस्थानचा किनारा, श्रीलंका, मालदीव व लक्षद्वीप यांचा पट्टा. पूर्व आफ्रिकेच्या बाजूस या दोन वंशांची मिसळ झालेली आढळते. म्हणजे बेटांवरचे खलाशी आपल्याबरोबर नारळ घेऊन हिंदी महासागर ओलांडून गेले होते. ज्या मार्गाने रोप गेले त्याच मार्गाने खवण्याची व पिळण्याची रीतही गेली असली पाहिजे, असे आम्ही म्हणतो. निदान मिठाईच्या नावांवरून तरी तसे दिसते. गोव्याचा 'दोदोल' हा तांदळाचे पीठ, गूळ व नारळाचा रस आटवून करतात. याच नावाचा व याच जिनसांचा पदार्थ जावा-मलायात आहे. गोव्यात 'बेबिंक' व फिलिपाईन्समध्ये 'बिबिंका' ही नावे तर सख्ख्या बहिणींसारखी आहेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पाककृतीच्या पुस्तकांत बहुधा "नारळाचे दाट दूध एक वाटी" एवढेच लिहिलेले असते. ती वाटी भरण्यास काय लागते हे लिहिणारीने गृहीत धरलेले असते, कारण वाचणारीला ते ठाऊक असे. आज ते गृहीत धरता येत नाही, म्हणून आमच्या घरी जसे पाहिले तसे सांगतो. रस काढण्याचे काम आमच्या आत्याकडे असे. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. सणासुदीच्या पंगतीस शंभर पाने असली तर सोलकढीस पंचवीस नारळ हा तिचा ठरलेला हिशेब, आणि तो चुकल्याचे कोणी पाहिले नाही.

रसाला नारळ जून हवा, म्हणजे फुलोऱ्यापासून सुमारे बारा महिने माडावर राहिलेला. कानाशी धरून हलविला असता पाणी खळखळले पाहिजे. पाणी वाजत नसेल तर नारळ एक तर कोवळा किंवा चिरलेला. कोवळ्या नारळात गोडी असते पण स्नेह नसतो, आणि फार जुना झाला की रसाला खोबरेलाचा वास येतो. पक्व नारळाच्या ओल्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश स्नेह व जवळजवळ निम्मे पाणी असते. रस म्हणजे हा स्नेह सूक्ष्म थेंबांच्या रूपाने पाण्यात तरंगत ठेवणे, आणि त्यास तरंगत ठेवण्याचे काम नारळातीलच प्रथिने करतात. खवताना वाटीच्या पाठीची तपकिरी साल येऊ द्यावयाची नाही, नाहीतर रस मळकट दिसतो. आत्या वाटी अखेरच्या दोन फेऱ्यांत अगदी हलक्या हाताने फिरवी व उरलेले खोबरे चटणीसाठी बाजूस ठेवी.

चव पाट्यावर घेऊन तिला पाण्याचा नुसता हात लावून वाटावयाचे. वाटण पंचात बांधून पिळले की जो निघतो तो अंगरस. जवळजवळ बिनपाण्याचा, सायीसारखा दाट. मध्यम नारळास तो जेमतेम वाटीभर निघे. मग तोच चोथा पुन्हा पाट्यावर, या वेळी कोमट पाणी घालून. पाणी हाताला सोसेल इतकेच ऊन असले पाहिजे. थंड पाण्यात स्नेह सुटत नाही आणि कढत पाण्याने प्रथिने साकळतात. हा झाला दुसरा रस. तिसरा रस म्हणजे चोथा धुऊन घेतलेले पाणीच, पण तेही फेकीत नसत.

स्वयंपाकात हे तिन्ही उलट्या क्रमाने पडत, आणि या विद्येतील खरे मर्म तेच आहे. तिसऱ्या रसात डाळ, फणसाच्या आठळ्या किंवा भाजी शिजवावयाची, कारण त्यात स्नेह थोडा असल्यामुळे कितीही उकळले तरी फुटण्यासारखे काही नसते. अर्धे शिजल्यावर दुसरा रस. अंगरस अगदी शेवटी, भांडे चुलीवरून उतरविताना, आणि त्यानंतर उकळी येऊ द्यावयाची नाही. सुमारे ८० अंश सेल्सियसच्या पुढे प्रथिने घट्ट होतात, स्नेहाचे थेंब सुटे होतात व कालवणावर तेलाचा तवंग आणि खाली पांढरा चुरा असा प्रकार होतो. आत्याने उष्णतामापक कधी पाहिला नव्हता. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरू लागले की ती पळीने सावकाश ढवळू लागे व दोन लाकडे मागे ओढी. शाळेत मुलांना शास्त्राचे धडे देताना आम्ही जी गोष्ट पुस्तकातून शिकविली ती तिच्या मनगटात होती.

सोलकढीस चूलच लागत नाही. आगळ किंवा भिजविलेली आमसुले, लसूण, मिरची, मीठ व रस. आंबटामुळे रस हळूहळू साकळतो, म्हणून कढी पाने मांडल्यावर एकत्र करावयाची असा दंडक होता. तासभर आधी करून ठेवलेली कढी दाणेदार होते, आणि वाढप्याने कितीही ढवळली तरी ती जिभेला कळते. गोड बाजूस शिरवाळ्यांबरोबरचा गुळाचा रस, फणसाच्या सांदणांबरोबरचा रस, रसात भिजविलेली खापरोळी. गोव्याकडील मणगणेही याच कुळातले. यांपैकी कशालाही गाईचे दूध चालत नाही असे नाही, पण कोकणच्या किनाऱ्यावर गवत निकृष्ट, गाय जेमतेम वासरापुरते देणारी, आणि माड मात्र परसात. देशावर जे काम दूध, दही व तूप यांनी केले ते किनाऱ्यावर बव्हंशी नारळाने केले. भूगोल शिकविताना आम्ही ही गोष्ट मुलांना नेहमी सांगत असू.

आता त्या पंगतीतील गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. रायगड जिल्ह्यातील अलिबाग-रेवदंडा भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्राएल लोक, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत असू, त्यांच्या धर्मात मांस व गाईम्हशींचे दूध एकत्र करण्यास सक्त मनाई आहे. त्यांच्या मटणाच्या कालवणात नारळाचा रस पडू लागला आणि धर्म व जीभ या दोहोंचेही समाधान झाले. त्यांच्या नववर्षाच्या सणास गव्हाच्या चिकापासून नारळाचा रस घालून चिकाचा हलवा करतात. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक मंडळी इस्राएलात गेली, पण हलवा बरोबर घेऊन गेली. कोकणी मुसलमानांच्या घरी रसातील सालने आहेत, गोव्यातील ख्रिस्ती घरांत रसाची मिठाई आहे, कोळ्यांच्या कालवणात रस आहे आणि देवळाच्या नैवेद्यातही आहे. खवणी सर्वांकडे एकाच आकाराची. शेजारणीने शेजारणीला विळी उसनी दिली, माहेरवाशीण सासरी रीत घेऊन गेली, आणि ही देवघेव कोणत्याही ज्ञातीच्या सभेने ठराव करून झालेली नाही.

शिवाय ज्या सोलकढीवर हक्क सांगावयाचा तिच्यातील जिनसांची जात विचारली तर काय निघते? आमसूल सह्याद्रीच्या रातांब्याचे, म्हणजे निःसंशय घरचे. नारळ महासागराचा. हिरवी मिरची अमेरिकेची, आणि ती १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतास उतरल्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. तत्पूर्वी तिखटपणास मिऱ्ये व आले होते. तेव्हा मिरचीची सोलकढी सोळाव्या शतकाच्या अलीकडचीच ठरते. आपल्या ज्ञातीची वंशावळ याहून जुनी आहे असे आपण मानतो, मग कढी आपल्या पूर्वजांनी मूळ गावाहून बरोबर आणली हे म्हणणे टिकत नाही. आपल्या ज्ञातीच्या बायकांनी ती उत्तम केली एवढे मात्र आम्ही कोणासमोरही सांगू.

त्या बायकांविषयी येथेच एक गोष्ट नमूद करून ठेवतो. आमच्या कुळाची छापील वंशावळ आहे. तीत अकरा पिढ्यांचे पुरुष आहेत. मुलींची नावे घेण्याचा प्रघात नसल्यामुळे आत्याचे नाव त्यात नाही. चाळीस वर्षे त्या घरच्या प्रत्येक पंगतीचा रस तिने काढला, तिच्या उजव्या तळहाताला वरवंट्याचा घट्टा होता, आणि अखेरच्या वर्षांत तिला त्या हाताची मूठ पुरती मिटता येत नसे. पाट्यावरच्या रसाची चव काही औरच, असे आज जे पुरुष सांगतात त्यांपैकी फारच थोड्यांनी पाटा ओढलेला असेल.

म्हणून यंत्राविषयी आमची तक्रार नाही. १९६३ साली 'सुमीत' हे वाटणयंत्र मुंबईत निघाले. युरोपातील यंत्रे आपल्या डाळी-मसाल्यांपुढे हात टेकीत, हे ओळखून येथील जिन्नस वाटू शकेल असे दणकट यंत्र बनविले गेले, आणि पुढील दोन-तीन दशकांत ते मध्यम स्थितीतील घरांत पोचले. त्याने पाट्यावरची दोन तासांची मेहनत दहा मिनिटांवर आणली. फरक पडला तो थोडा. पाते फार वेळ फिरले की चव तापते व स्नेह वेगळा होऊ लागतो, म्हणून थांबून थांबून फिरवावे लागते. पिळणे मात्र अद्याप हातानेच होते, आणि रस निघतो तो खरोखर पिळण्यात.

खरा बदल डबा व पाकीट यांनी केला. उष्णतेने निर्जंतुक करून डबाबंद केलेला रस आग्नेय आशियातून जगभर जाऊ लागला आणि नारळाचा रस इतिहासात प्रथमच व्यापाराची वस्तू झाली. वस्तू बाजारात आली की कागद आलाच. २००३ साली आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने त्याचे मानक ठरविले. नारळाचे दूध म्हणावयाचे तर स्नेह किमान १० टक्के, हलके दूध म्हणावयाचे तर ५, आणि नारळाची मलई म्हणावयाची तर २०. आत्याचा अंगरस, दुसरा व तिसरा यांनाच जणू सरकारी शिक्का मिळाला, फक्त काढण्याचा क्रम नाहीसा झाला. डब्यातील दुधात स्नेह वेगळा होऊ नये म्हणून बहुधा घट्टपणा आणणारी द्रव्ये घातलेली असतात. त्यामुळे ते उकळले तरी सहसा फुटत नाही, आणि अंगरस शेवटी घालावा हे ज्ञान निरुपयोगी ठरते. निरुपयोगी झालेले ज्ञान एका पिढीत जाते. आमच्या सुनेने परवा विचारले की शीतकपाटात ठेवलेल्या घरच्या रसावर मेणासारखा थर का आला. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते एवढेच त्याचे कारण. तो थर दोष नाही, ती अस्सलपणाची खूण आहे.

लेखासाठी आम्ही आमच्या तालुक्यातील सत्तरीपुढील सोळा स्त्रियांना विचारून रसांची घरगुती नावे टिपून घेतली. पहिल्यास 'अंगरस', 'दाट रस', 'जाड रस' अशी तीन नावे मिळाली. दुसऱ्यास सर्वांनी 'पातळ रस' म्हटले. तिसऱ्यास बहुतेकींकडे नावच नव्हते, एकीने त्यास नुसते 'धुवण' म्हटले. ज्या घरांत याहून निराळा शब्द असेल, अथवा चोथ्याचा, खवणीचा किंवा पिळण्याच्या फडक्याचा काही विशेष शब्द असेल, त्यांनी तो गावाच्या नावासह व सांगणाऱ्या बाईच्या नावासह स्मरणिकेच्या संपादकांकडे पाठवावा. पुढील अंकात ती यादी छापण्याचे त्यांनी मान्य केले आहे, आणि यादीत नावे बायकांचीच येतील.